उन्हातली पाटी

आमच्या गावात उन्हात नुसतं बसलेलं कुणी दिसलं, तर तो आजारातून उठलेला असतो, नाहीतर घरात त्याला कुणी विचारत नसतं. धडधाकट माणूस उन्हात राबतो. बसायचं झालं तर सावली बघतो. माझे वडील म्हातारपणी दोन वर्षं भर उन्हात खुर्ची टाकून बसले आणि गावानं त्याचा जो अर्थ काढला, त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. तो जावा असं मला वाटतही नाही.

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. गाव पलूसच्या बाजूचं, कृष्णाकाठचं. ऊस आणि थोडी हळद. आबा तरुणपणी सैन्यात होते. कुठल्याशा बर्फातल्या चौकीवर वेळ जाईना म्हणून कुणाकडून तरी एक पुस्तक मागून घेतलं, आणि तेव्हापासून जे वाचायला लागले ते थांबलेच नाहीत. पेन्शनीत आले तेव्हा बाकीच्यांच्या ट्रंकेतून ब्लँकेटं आणि बाटल्या निघाल्या, आबांच्या ट्रंकेतून पुस्तकं निघाली. आईनं कपाळावर हात मारून घेतला म्हणे. पुढं गावात वाचनालय होतं तोवर आबांचं बरं चाललं. मग त्या खोलीत पाणी योजनेचे पाइप येऊन पडले, पुस्तकांची कपाटं पाइपांमागं गेली आणि एक दिवस कुलूप लागलं. गावात कुणाला त्याचं काही वाटलं नाही. आबांना वाटलं.

मग डोळे गेले. अगदी आंधळे झाले नाहीत. कडेचं दिसायचं, समोर बघितलं की मधोमध डाग. ज्या शब्दाकडं बघावं नेमका तोच पुसलेला. आम्ही त्यांना सांगलीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. इंजेक्शनं झाली, थेंब झाले. शेवटी डॉक्टर म्हणाले, पडदा खराब झालाय, गेलेलं परत येणार नाही, आहे ते टिकवायचं. वाचायचंच असेल तर भरपूर उजेड आणि मोठं अक्षर, दुसरा उपाय नाही. येताना एसटीत आबा खिडकीशी बसले होते. पलूसला उतरताना म्हणाले, "वाचाय येत न्हाई म्हंजे माझ्या हिशेबी मी गेलोच की गं."

मी साताऱ्यात राहते, मेढ्याच्या शाळेत शिकवते. आमच्याच शाळेतल्या एका बाईंकडं मी ते यंत्र पाहिलं होतं. ई-रीडर. दिसायला मोबाईलसारखं, जरा मोठं, काळ्या काठाचं. पण आत कागदासारखा करडा पांढरा पडदा आणि त्यावर छापल्यासारखी काळी अक्षरं. गाणं नाही, चित्रपट नाही, फोन नाही. फक्त पुस्तकं. अक्षर वाढवत नेलं तर एका ओळीत दोन-तीनच शब्द राहतील इतकं मोठं होतं. मी तसलंच एक घेतलं, त्यात मराठी कादंबऱ्या भरल्या आणि सुट्टीला गेले तेव्हा आबांच्या हातात ठेवलं.

आमचं घर म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि हातभर खिडक्या. भर दुपारी बल्ब लावावा लागतो. त्या उजेडात आबांनी ते डोळ्यांजवळ धरलं, लांब धरलं, तिरकं धरलं. "धुकं हाय सगळं," म्हणाले आणि माझ्या हातात परत दिलं. मला वाईट वाटलं, थोडा रागही आला. एवढ्या हौसेनं आणलेलं. मी ते कपाटावर ठेवलं आणि साताऱ्याला निघून आले.

हळद काढणीचे दिवस आले. आमच्याकडं हळद शिजवली की खळ्यावर पसरून उन्हात वाळवतात. दिवसचे दिवस लागतात. शेरडं तोंड घालतात, कुत्री लोळतात, म्हणून तिच्यापाशी कुणीतरी काठी घेऊन बसावं लागतं. बाकी कुठलं काम होत नाही त्याला ते काम मिळतं. आबांना मिळालं. करायचं काय म्हणून त्यांनी ते यंत्र बरोबर नेलं असणार. त्या दुपारी मी वर्गात होते आणि त्यांचा फोन आला, त्यांच्या त्या बटणांच्या जुन्या फोनवरून. मला वाटलं आईला काही झालं. मी व्हरांड्यात पळाले.

"अगं," आबा ओरडत होते, "उन्हात लय झ्याक दिसतंय! जेवढं ऊन कडक, तेवढं अक्षर ठसठशीत! पाटीवर खडूनं लिवावं तसं!"

तेव्हापासून त्याचं नाव पाटी पडलं. आबांना मी इतकं खूश क्वचितच पाहिलं. त्यांच्या डोळ्यांना जेवढा उजेड लागत होता तेवढा आमच्या घरात कुठंच नव्हता, खळ्यावर होता, आणि फुकट होता. हळद संपली तरी ते खळ्यावर बसायचे. डोक्याला फौजेतली टोपी, गळ्यात टॉवेल. पाटी तापली की तिला टॉवेलखाली सावली करायचे आणि स्वतः तसेच उन्हात. पावसाळा आला की त्यांचा जीव कासावीस व्हायचा. मी मेढ्याहून फोन केला की आधी विचारायचे, तिकडं उघडलंय का. मेढ्याला पावसाळ्यात ऊन विचारायचं म्हणजे चेष्टाच होती.

खळ्याला लागूनच घराचा ओटा आहे. त्याच्या सावलीत आई काहीतरी निवडत बसलेली असायची. आईला सही करण्यापुरती अक्षरं येत होती. आबा तिला मोठ्यानं वाचून दाखवायचे. शेवटी शेवटी एक कादंबरी चालली होती. एक बाई असते, सासरी पिचलेली, एक दिवस माहेरी निघते आणि वाटेत काय काय होतं त्याची गोष्ट. आईला तिचा घोर लागला होता. मी फोन केला की मलाच सांगायची, "आज बी पोचली न्हाई बघ ती. ह्ये लय हळू वाचत्यात."

एवढं सगळं आमच्या खळ्यावर चाललं होतं. रस्त्यावरून काय दिसत होतं? एक म्हातारा, हातात काळं काहीतरी, मान खाली, बोट सरकतंय. गावाला एवढं पुरे झालं. म्हातारा मोबाईलच्या नादी लागला. गाडीवरून जाणारी पोरं ओरडायची, "काय आबा, कुठला पिक्चर?" आबा पाटी वर धरून दाखवायचे, "पुस्तक हाय रं!" पोरं हसत पुढं जायची. पुस्तक म्हणे. कागदाचं पुस्तक घेऊन बसले असते तर ह्याच लोकांनी त्यांना गुरुजी म्हटलं असतं.

माझ्या भावाला ह्याचा फार त्रास झाला. तो गावात राहतो, शेती बघतो, चार माणसांत उठबस आहे. चहाच्या टपरीवर त्याला चिडवायचे. त्यानं मला फोन करून ऐकवलं, "काय खूळ दिलंस म्हाताऱ्याच्या हातात? लोकं इचारत्यात मला, बापाला मोबाईलचा नाद कुणी लावला म्हणून." मी म्हटलं, अरे दादा, एकदा हातात घेऊन बघ तरी. त्यानं बघितलं. खाली-वर करून बघितलं, दाबून बघितलं. संध्याकाळी परत फोन करून म्हणाला, "ह्यात तर काय लागतच न्हाई. ना गाणं, ना बातम्या. बिघडलेला मोबाईल गळ्यात मारलास व्हय आबांच्या?" मी फोन ठेवून दिला.

मग आई गेली. ऐन वैशाखात, चालताबोलता. रात्री नीट जेवली आणि सकाळी उठली नाही.

आमच्याकडं सुतकात माणसं बोलायला येतात. बोलायला म्हणतात, पण पुरुष येऊन अंगणातल्या मांडवात मुकाट बसतात, एखादा सुस्कारा टाकतो, चहा घेतात आणि उठतात. घरच्या कर्त्या पुरुषानं सगळा वेळ तिथं बसून राहायचं, मान खाली घालून. आबा बसले. हिरव्या कापडाच्या त्या मांडवात त्यांना समोरचा माणूस कोण ते दिसत नव्हतं, आवाजावरून ओळखत होते. पहिले काही दिवस ते तसेच बसले. मग एका दुपारी मांडव रिकामा झाला आणि ते उठले.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होते. आबांनी खुर्ची उचलली, खळ्यावर नेली आणि नेहमीच्या जागी ठेवली. टोपी घातली. पाटी काढली आणि वाचायला लागले. मोठ्यानं. मला शब्द ऐकू येत नव्हते, पण सूर येत होता. मान अर्धी ओट्याकडं वळवून वाचत होते, आई बसायची तिकडं. मी पीठ मळता मळता थांबले. त्यांना ती बाई माहेरी पोचवायची होती. ती पोचली का ते कळल्याशिवायच आई गेली होती, आणि आबा ते राहिलेलं पुरं करत होते. हे समजायला फार शिकावं लागतं असं मला वाटत नाही.

तेवढ्यात रस्त्यावर जीप थांबली. वहिनीच्या माहेरची माणसं होती, बोलायला आलेली. त्यांनी आधी मांडव बघितला, रिकामा. मग खळ्याकडं बघितलं. त्यांच्यातला एकजण म्हणाला, अगदी सगळ्यांना ऐकू जाईल असं, "चालू द्या की आबांचं. मोबाईल झाल्यावर भेटू."

दादा घरातून धावत गेला. मीही पाठोपाठ बाहेर आले. त्यानं आबांच्या हातातली पाटी ओढली.

"आबा, आईला जाऊन आठ दिस न्हाई झालं. लाज वाटू द्या जरा."

आबांनी ओढाताण केली नाही. हात तसेच मांडीवर, पाटी धरल्यासारखे. पाव्हण्यांकडं बघितलं, पण त्यांना ते नीट दिसत नसणारच. मग दादाला एवढंच म्हणाले, "पान हलवू नको रं. कुठवर आलोय ते ऱ्हाऊ दे."

पाटीला खूण लागत नाही, ती आपली जागा आपण धरून ठेवते, हे मी त्यांना शंभरदा सांगितलं होतं. पण आयुष्यभर कागदाची पुस्तकं वाचलेला माणूस. पान हलेल ही भीती काही गेली नाही.

त्या संध्याकाळी मी दादाला गोठ्यात गाठलं. घरात पाव्हणे होते म्हणून गोठ्यात. मी म्हटलं, "दादा, उन्हात मोबाईल दिसतो का कुणाला? तू बाहेर गेलास की सावली बघतोस ना फोन लावायला? मग भर उन्हात बसून आबा काय बघणार? एवढा तरी विचार कर."

"मला शानपणा शिकवू नको," तो म्हणाला. "त्यात काय का असंना. लोकांम्होरं शोभतं का, ते सांग."

त्याचे डोळे रडून सुजले होते. आई त्याचीही गेली होती. तो वाईट माणूस नाही, आबांची औषधं त्यानं एकदाही चुकवली नाहीत. म्हणूनच त्याचा राग जास्त येतो. वाईट असता तर सोडून दिलं असतं. मी म्हटलं, पाटी दे. तो म्हणाला, "कपाटात हाय. तेरावं झालं की देतो. मी काय खातोय व्हय ती?"

तेरावं झालं. मी साताऱ्याला आले, शाळा सुरू झाली. फोनवर दादाला विचारलं तर म्हणाला, "आबाच मागत न्हाईत की. मागितली तर देतो." हे खरं होतं. आबा मागत नव्हते. फौजेत ज्यानं कधी रजा वाढवून मागितली नाही, तो पोटच्या पोराकडं स्वतःचीच वस्तू काय मागणार? दादाला हे माहीत होतं. त्याला ते सोयीचं पडलं.

मी आबांना म्हटलं, मी दुसरी पाठवते.

"नको."

"का नको?"

"उन्हात बसलं की लोकं बघत्यात."

मला ह्या वाक्यानं जेवढं दुखावलं तेवढं दादाच्या सगळ्या बोलण्यानं दुखावलं नव्हतं. तोवर मला वाटत होतं की गावाचं बोलणं आबांच्या अंगाला लागत नाही. मी म्हटलं, मग मी येते आणि ती कादंबरी पुढं वाचून दाखवते. त्यावर ते उसळले. "मला दुसऱ्यानं वाचून दाखवाय मी काय मेलोय? आन् ती बाई माहेरी पोचली का न्हाई ते तू मला सांगायचं न्हाई. अजिबात न्हाई." मी सांगितलं नाही.

दिवाळीला गेले तेव्हा त्यांची खुर्ची खळ्यावर नव्हती. गोठ्याच्या भिंतीला लागून, सावलीत होती. आबा हात मांडीवर ठेवून बसलेले. समोर बघत होते म्हणावं तर समोर डाग. मी विचारलं, काय करताय? म्हणाले, "बसलोय." रस्त्यावरून जाणारा एकजण त्यांना रामराम घालून गेला. दादा मला म्हणाला, "बघ, आता कसं सगळी मान देत्यात." त्याला खरोखर बरं वाटत होतं.

आबा पुढची हळद निघायच्या आत गेले. थंडीत. डॉक्टरांनी काहीतरी कारण सांगितलं, ते मी ऐकून घेतलं.

तिसऱ्या दिवशी नदीवर सावडायला गेलो. अस्थी गोळा केल्या, राख पाण्यात सोडली. मग घाटावर पत्रावळीवर नैवेद्य मांडला. गेलेल्या माणसाला जे जे आवडायचं ते तिथं ठेवायचं आणि कावळा शिवायची वाट बघायची. भाकरी, पिठलं, जिलेबी, चहाचा कप, तंबाखूची पुडी. कुणाचा चष्मा ठेवतात, कुणाची काठी. कावळे समोरच्या लिंबावर होते. खाली उतरेनात. ऊन चढायला लागलं. मग आमच्याकडं रीत आहे तसं एकेकजण हात जोडून पुढं झाला. चुलते म्हणाले, "बंधू, घराकडं आमी बघतो, काळजी सोड." दादा म्हणाला, "आबा, बहिणीला अंतर देणार न्हाई." कावळा हलला नाही.

तेव्हा दादानं पिशवीत हात घातला आणि पाटी बाहेर काढली. सुतकातल्या त्या दुपारनंतर मी ती पहिल्यांदाच बघत होते. कडेला धूळ बसली होती. चार्जिंग कधीच संपलं असणार. त्यानं ती शर्टाला पुसली, पत्रावळीच्या कडेला ठेवली आणि रडत रडत म्हणाला, "आबा, घ्या तुमचा मोबाईल. लय जीव हुता तुमचा ह्यात."

सगळे मागं सरले. एक कावळा उतरला, दोन उड्या मारल्या आणि भाकरीचा तुकडा उचलला. माणसांनी हात जोडले. कुणीतरी म्हणालं, "बघा, मोबाईलसाठी अडला हुता म्हातारा." दुसरा म्हणाला, "शेवटपत्तूर मोबाईलच." आणि अशा वेळी शोभेल इतपत हसले. कावळ्याला भूक लागली होती. पण मी तिथं काय बोलणार. आबा गेले ते मोबाईलवेडा म्हातारा म्हणून गेले, आणि त्यावर कावळ्याचाही शिक्का बसला.

चुलत्यांचा मुलगा सैन्यात आहे, त्याला रजा मिळाली नव्हती. त्याला दाखवायला दादानं कावळ्याचं शूटिंग करायला खिशातून फोन काढला. वर धरला. डोळे बारीक केले. फोन तिरका केला, मग दुसऱ्या हातानं वर आडोसा धरला. आबांनी आमच्या घरात पाटी धरली होती अगदी तशी त्याची धडपड चालली होती.

"काय दिसंना बघ," तो माझ्याकडं वळून म्हणाला. "नुसतं काळं. तुझ्या फोनात बघ की."

मी फोन काढला नाही. "उन्हात मोबाईल दिसत नाही, दादा," मी म्हटलं.

त्याचा वर धरलेला हात हळूहळू खाली आला. त्यानं हातातल्या फोनकडं बघितलं. मग पत्रावळीच्या कडेला पडलेल्या पाटीकडं बघितलं. लोक अजून कावळ्याचंच बोलत होते. दादाचं तोंड उघडं राहिलं, आता हा काहीतरी म्हणेल असं मला वाटलं. मी थांबले.

त्यानं फोन खिशात टाकला.

"चला," तो सगळ्यांना म्हणाला, "ऊन लय झालं."